माघारी

वर्गात आम्ही अकरा जण.
एसी इतका गार, की सिन्योरा ओर्नेल्ला
शाल पांघरून क्रियापदं चालवतात.
खिडकीबाहेर शारजा, बेचाळीस अंशांवर,
खजुरांची एक ओळ आणि रिकामा बसथांबा.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, इटालियनच का?
माहरा म्हणाली, ऑपेरा.
मुन्तसिर म्हणाला, पुढे वास्तुशास्त्र करायचंय.
मी म्हणाले, मशीनसाठी.

हसले सगळे. पण खरंच.
इंडस्ट्रियल एरियात, अप्पा जिथे सोनं गाळतात,
तिथे साखळ्या विणणारं एक मशीन आहे, विचेन्झाहून आलेलं,
आणि त्याच्याबरोबर आलेलं दोनशे पानांचं पुस्तक
बावीस वर्षांत कुणी वाचलेलं नाही.
मशीन अडलं की अप्पा त्याच्या पोटाला कान लावतात,
आटपाडीत गाभण म्हशीला लावायचे तसा,
आणि एक स्क्रू पाव फेरा ढिला करतात.
पानापानावर लाल अक्षरांत 'आत्तेन्त्सिओने'.
अप्पांना वाटायचं, मालकाचं आडनाव असेल.

सावधान, अप्पा. त्याचा अर्थ सावधान.
'लग्नातल्यासारकं?'
हो. तसंच.

मग मी शिकत गेले.
पेना म्हणजे यातना, पेन्ना म्हणजे लेखणी,
मध्ये फक्त एका न-चा जोर.
बाकीचे अडखळले, मला अवघड गेलं नाही.
सखा आणि सख्खा यांतलं अंतर
ज्याला घरातच कळलंय, त्याला काय अवघड.

समुद्र त्यांच्यातही पुरुष.
हात मात्र बाई. ला मानो.
शेवटी ओ असूनही बाई, अपवाद म्हणून पाठ करा.
मी वहीत लिहिलं आणि थांबले.
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं,
डाव्या अंगठ्याला नख नाही,
हे हात बाई कसे?
मग आठवलं, आई गेली त्या वर्षी
पहाटे चारला उठून डब्याच्या चपात्या
ह्याच हातांनी लाटल्या होत्या.
अपवाद खोडून टाकला.

तोंडी परीक्षेत सिन्योरांनी विचारलं,
उन्हाळ्यात इटलीला येशील?
माहितीतली सगळी उत्तरं पैशांपाशी अडत होती.
त्या हसल्या, म्हणाल्या, अशा वेळी आम्ही म्हणतो,
मागारि.

मी दचकले.
कदाचित नाही, हो नाही, नाही तर मुळीच नाही.
होतंय कुठलं,
पण झालं तर आणखी काय हवं!
एवढं सगळं त्या तीन अक्षरांत.

दर शुक्रवारी अप्पा चुलत्यांना फोन करतात.
'औंदा न्हाय जमायचं. पुढल्या साली येतो माघारी.'
डाळिंबं कशी आहेत विचारतात, बोअरचं पाणी विचारतात,
पुन्हा एकदा, 'येतो की. माघारीच यायचंय.'
मी तेव्हा चौथीत होते. आता वीस वर्षांची आहे.
चुलत्यांनीही त्या शब्दाचा अर्थ
बहुतेक कधीच बदलून घेतला असावा.

काल मशीन पुन्हा अडलं.
मी पान एकशे चौदा उघडून मोठ्यानं भाषांतर केलं,
ताण तपासा, दाब कमी करा, तीन मिनिटं थांबा.
अप्पांनी ऐकून घेतलं. मग स्क्रू, पाव फेरा.
साखळी सुरू. 'लिव्हणाऱ्यानं चालवलं नसंल कधी,'
ते म्हणाले, रागावून नाही, कीव केल्यासारखे.

कडी कडीतून निघत राहिली,
कुणाच्या तरी गळ्यासाठी, इथल्या किंवा कोचीच्या.
अप्पांनी हात पुसले.
'माघारी कसं म्हंत्यात त्यांच्यात?'

मागारि, मी म्हणाले.

'बघ की! आपलाच शब्द हाय.
मग काय अवघड न्हाय त्यांची भाषा.'

परत जाण्याला त्यांच्यात तोर्नारे म्हणतात.
मला येत होतं.
सहामाहीत मी ते सगळ्या काळांत
एकही चूक न करता चालवलं होतं.