दाभण

सांगलीच्या यार्डात एकतीस वर्षं
हळदीच्या पोत्यांची तोंडं शिवली मी.
एक टाका, एक हिसका, पुढचं पोतं.

आता विश्रामबागेत, पडद्याआड, पालथा.
मगदूम डॉक्टरीणबाई विचारतात, कुठं दुखतं?
कमरेत, म्हटलं,
तर सुई गुडघ्याच्या मागं.

केसाएवढी. हिला नेढंसुद्धा नाही,
दोरा कुठनं ओवणार?

चिनी पाल्याची कांडी धुमसते पाठीजवळ,
वास थेट दवण्याचा.
मुंग्या आल्या?
आल्या. पोटरीतनं खाली, टाचेपर्यंत,
भोक पडल्या पोत्यातनं
कणी गळते तशी, बारीक, न थांबता.

टाका घालायला हात शिवशिवला.
बाई, गळतंय काहीतरी, म्हटलं.
हलू नका नायकवडी,
गळू द्या.