दुखस नही

सुपडू खाटकाने मनगट पुढे केलं
आणि सवयीने मी आधी त्याची सुरी पाहिली.
मग पुळी.
तव्यावर करपलेल्या दादरच्या दाण्याएवढी,
काळी, मधे खचलेली,
भोवती सुजेची फुगीर कड.
"दुखस नही, बाई," तो म्हणाला,
उगाच आलो, अशा आवाजात.

दुखली असती तर बरं होतं.

पारोळ्याच्या कत्तलखान्यात आमची दहा वर्षांची ओळख.
तो सोलतो, मी तपासते.
काळीज दाबून, फुफ्फुस चाचपून, गाठी चिरून
मांडीवर जांभळा शिक्का मारते.
शाई नखांतून जात नाही. माझी मुलगी म्हणते,
आई, तूच पास झालीस.

पण ही मेंढी माझ्यापर्यंत आलीच नव्हती.
बोरीच्या कोरड्या पात्रात बुधा ठेलारीचा कळप,
वैशाखात गवत मुळापर्यंत संपलेलं,
मेंढरं गवताच्या नावाने माती चाटत होती.
एक सकाळी धड होती, दुपारी थरथरली.
मरायच्या आत सुरी फिरली तर ते मटण,
नंतर फिरली तर मढं.
बुधाने सुपडूला बोलावलं.
तेवढंच अंतर होतं, एका हाकेचं.

रक्त? मी विचारलं.
सुपडूने मान खाली घातली.
तीस वर्षांचे हात. रक्त किती वेळात थिजतं
हे त्याला घड्याळाशिवाय कळतं.
"थिजनं नही. काकवीनं मायक काळं, वाहतच राह्यनं."
पाणथरी?
त्याने दोन्ही तळवे जोडून ओंजळ दाखवली.
"एवढी. हात लावा तं गाळ."

मग थोडं थांबून:
"तुले फोन कया व्हता, बाई. बस्तरवारले."

हो.
मी जेवत होते. नंबर ओळखीचा होता.
वाजू दिला.

किती वेळ थांबला असेल तो, त्या उन्हात,
उघड्या मेंढीपाशी, हात कोपरापर्यंत ओले?
मग त्याने वाटे घातले. बावीस.
निम्म्या भावात.

पुस्तकात या रोगाचं नाव फाशी.
माणसाच्या कातडीवर उतरला की काळपुळी.
कॉलेजात आम्ही पाठ केलं होतं:
असं जनावर फाडू नये. फाडू नये. फाडू नये.
तीन मार्कांचा प्रश्न.

बावीस घरं फिरलो, मी, नर्सताई आणि गोळ्यांचा डबा.
कुणी धुतलं? कुणी चिरलं?
कुणाच्या बोटाला काप होता?
निंबाबाई रागावली:
चांगलं तासभर रटरटवलं, मसाला दगडावर वाटला,
मन्ही भाजीले नाव ठेवू नका.
भाजीला नाही ठेवत, बाई. अंगठा दाखवा.
विळीचा काप होता, ओला.

विसाव्या घरी एक पोरगा
लोखंडी कड्यावर कातडं ताणून बसलेला.
डफ करणार होता.
अजून वाजला नव्हता.
मी हातमोजे घातले आणि मागितला.
त्याने दिला नाही, मग दिला,
मग माझ्यामागून खड्ड्यापर्यंत चालत आला,
दहा पावलं लांबून.

सहा फूट खोल. वर चुना, खाली चुना.
पांढऱ्यावर काळी माती पडताना
बुधा म्हणाला, झालं ना आता?
मी हो म्हणाले नाही.
ही माती कापूस विसरते, ज्वारी विसरते,
गेल्या वर्षीचा पूरही विसरते.
हे विसरत नाही.
पन्नास वर्षांनी कुणी नांगर खोल घातला
तर तिला आठवेल.

सुपडू बरा झाला. खपली पडली, खाली वण राहिला,
बाकीच्या हाताहून उजळ.
माझी बदली चोपड्याला झाली. चार्ज देताना
कागदावर खड्ड्याची जागा लिहिली: बाभळीपासून नऊ पावलं.
नव्या साहेबांनी सही केली, वाचलं नाही.

परवा त्या रस्त्याने गेले.
बाभूळ कुणीतरी तोडून नेलेली.
पण खड्ड्यावर बोरीचे काटे, ताजे,
गोल रचलेले,
आणि कडेला सुपडू उकिडवा बसलेला,
एका चुकार शेळीला
खडे मारत.