सोमवारचं पान

तीन कोटेशनं आली होती.
जिनगोंडाअण्णांनी ती हळदीच्या नमुन्याच्या पुडीखाली ठेवली
आणि आठवडाभर बघितली नाहीत.
मग एका दुपारी, सौदे उठल्यावर,
मिरजेच्या इरफान मुजावरला विचारलं,
म्हैस घेताना विचारावं तसं :
"खाती किती, देती किती,
आन् आटली तर?"

लेसर महाग, पण वाळत नाही, इरफान म्हणाला.
कार्ट्रिजचं मशीन स्वस्तात येतं
आणि शाईत घर घालवतं.
टाक्यांचं बरं, शाई बाहेरून दिसते,
फक्त बसवून ठेवायचं नाही.
अण्णांनी पुडी सोडली,
चिमूटभर राजापुरी कोटेशनावर सांडली.
"ह्यो रंग निघंल?"

निघाला नाही.
आधी लिंबू निघालं,
मग शेवंती,
मग काविळीचा डोळा.
इरफान सेटिंगं बदलत राहिला, घाम पुसत.
"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले,
"नऊ म्हैने जमिनीत पिकलेलं
टाकीत कसं मावंल?"
आणि टाक्यांचंच घेतलं.

माझ्या टेबलाशेजारी ते बसलं.
टाकी खालच्या रेघेपर्यंत उतरू द्यायची नाही.
रिम उघडी ठेवायची नाही, सांगलीची हवा कागद पिते.
आणि दर सोमवारी एक रंगीत पान,
काम असो नसो,
नाहीतर हेडची नाकं बुजतात.

भाद्रपदात यार्डात कबुतरं तेवढी असतात.
रंगीत काय काढणार?
मी तपासणीचं पान काढायचे :
निळी जाळी, गुलाबी, पिवळी, काळी.
कोपऱ्यात पेनानं तारीख,
दोन भोकं, फाइल.
एकदा वीज नव्हती, मंगळवारी काढलं,
तसं लिहून ठेवलं.

वर्षानं पिवळी जाळी दातरी निघाली.
इरफाननं झाकण उघडलं. आत सगळं पिवळं.
"टाकी गळली."
मी बोट फिरवलं, वास घेतला.
गळली नव्हती. यार्ड आत शिरलं होतं,
पांढरे रोलर
लग्नघरातल्या तळपायांसारखे झाले होते.
कोरडा ब्रश, कोरडं फडकं.
पाणी लावलं की बसलीच म्हणून समजा, तो म्हणाला.

मग आईनं आच्छादन शिवलं,
जुन्या इरकलीचं.
माप मी वितीनं सांगितलेलं,
चार बोटं तोकडं झालं.
म्हणाली, तुझी वीत अजून शाळेतलीच आहे.

आई गेली तेव्हा मार्गशीर्ष होता.
चौदाव्या दिवशी कामावर आले
तर लाज वाटेल असं, पहिलं मशीन आठवलं.
दोन सोमवार गेले. हेड गेला असणार.
नव्या हेडची किंमत मला पाठ होती.

आच्छादन उलटं घातलेलं, शिवण वर.
फाइल उघडली.
दोन पानं जास्त होती.
एकावर तारीख,
चौथी पास माणसाच्या ताठ अक्षरात,
महिन्याचा आकडा खोडून पुन्हा.
चारही जाळ्या सलग.
दुसऱ्या सोमवारी बटण चुकलं असावं,
तपासणीऐवजी कॉपी निघालेली :
काचेवर टेकलेला एक तळहात, रंगीत,
भेगा, अंगठी, वळलेली करंगळी,
आणि पिवळा नेहमीसारखाच
लिंबाकडे झुकलेला.
फक्त खालच्या कोपऱ्यात
पान धरलेल्या अंगठ्याचा ठसा,
तो मशिनीनं काढलेला नव्हता.
तो रंग बरोबर होता.

अण्णा गादीवरून बघत होते,
बघत नसल्यासारखे.
"वाळू द्याचं न्हाई म्हनला हुता मुजावर,"
एवढंच बोलले,
आणि फोनवर भाव सांगायला लागले कुणाला तरी.

मी इरकल सुलटी केली.
टाक्या बघितल्या.
निळी बरीच उतरली होती.