गळ्याखाली

सकाळी सहाचा भोंगा. मातौरा नदीवर धुकं.
माझी जागा पट्ट्याच्या डाव्या अंगाला,
श्वासनळीच्या टेबलाशी. एकोणीस वर्षं.
गाय माझ्यापर्यंत येते तेव्हा ती गाय उरलेली नसते,
पण कानाचा पिवळा बिल्ला अजून तिच्यासोबत असतो,
हुकाला अडकवलेल्या पिशवीत.

थायरॉईड फुलपाखरासारखी असते, डॉक्टर म्हणतात.
मी हजारोंनी कापल्यात. उडेल अशी एकही नव्हती.
ओल्या विटेच्या रंगाचे दोन लोळे,
मध्ये चपलेच्या अंगठ्याएवढी पट्टी.
पूर्वी ती घमेल्यात जायची, तिथून खताला.

मग एक माणूस आला. त्याच्या बुटांवर डाग नव्हता.
म्हणाला, ह्या वेगळ्या काढा, बर्फात ठेवा,
डब्यामागे चार डॉलर जास्त.
ठेवल्या. कोण नाही ठेवणार?

मे महिन्यात माझी बहीण मेव्हिस बारीक झाली.
आधी आम्ही कौतुकच केलं.
मग तिच्या हातातली बशी वाजायला लागली,
आणि एका रात्री दोन वाजता ती अंगणात, अनवाणी,
गवतावर दंव गोठलेलं, आणि हिला उकडतंय.
मी मनगट धरलं. नाडी मोजणं मला येत नाही,
पण पट्ट्याचा वेग कळतो.
हा वेग भर हंगामातला,
ज्या वेगाला युनियन काम थांबवते.

डॉक्टर बर्नेटनी विचारलं, औषधं काही घेता?
मेव्हिस म्हणाली, नाही.
खोटं नव्हतं ते.
बाटलीवरच छापलं होतं: हे औषध नव्हे.

बाटली पावाच्या डब्यामागे सापडली.
हिरवं कुरण, एकटी गाय, धुतलेलं आभाळ.
थकव्यावर चांगलं, म्हणून तिचे केस कापणाऱ्या शोनाने
तिच्या गळी उतरवलेलं.
एका गळ्यातून काढलेलं, दुसऱ्या गळ्यात,
आणि आता आमच्या गळ्याशी आलेलं.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन केले, तीन दिवस.
औषधांचं कार्यालय म्हणालं,
अमुक आजार बरा होतो असं लिहिलंय का?
नाही.
मग ते आमच्याकडे येत नाही.
खाद्यपदार्थांचं कार्यालय म्हणालं,
तुम्ही म्हणता त्यात हार्मोन आहे?
हो.
मग ते आमच्याकडे येत नाही.
कंपनीतली मुलगी गोड होती.
हार्मोन आम्ही काढून टाकतो, म्हणाली.
किती उरतो, ते मोजता का?
एक मिनिट हं, म्हणाली. मग बराच वेळ बासरी वाजत राहिली.

आमचा इन्स्पेक्टर मर्डोक कडक माणूस.
एक गाठ संशयास्पद दिसली की पट्टा बंद,
दोनशे माणसं हात धरून उभी.
त्यालाच विचारलं मी, बूट धुताना.
तो नळाकडे बघत म्हणाला,
खाण्यालायक आहे, एवढा शिक्का माझा.
किती खायचं, ते शिक्क्यात मावत नाही.
आणि फाटकाबाहेर माझा शिक्का म्हणजे शाईच.

फाटकाबाहेर तीनशे गायी एका पिठात दळतात.
तिथे बिल्ले गळून पडतात.

हॉस्पिटलात फॉर्म मीच भरला, तिचे हात थरथरत होते.
सध्या चालू असलेली औषधं: चार रेघा कोऱ्या.
पहिल्या रेघेवर मी लिहिलं, गाय.
नर्सने चष्म्यावरून पाहिलं, पेन मागितलं,
खोडलं मात्र नाही.

मेव्हिसची नाडी आता ब्याऐंशीवर आहे. शोनाकडे ती जात नाही,
केस मीच कापते, वाकडे होतात.

डबे अजून भरतात. चार डॉलर अजून मिळतात, मी घेते.
फक्त एक वही ठेवलीय एप्रनच्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून,
आणि सुरी लावण्याआधी बिल्ल्याचा आकडा उतरवून घेते.
बारा हजार झाले.
कोणी मागितली नाही अजून.