तिसरी शिवण

कासरीनच्या त्या कॅफेत
चार वर्षं नजीबची खुर्ची ठरलेली.
भूगोलाची पदवी,
आणि एका कॉफीत पुरवलेली अख्खी दुपार.
नाईल कुठून निघते ते ठाऊक;
घरातून कशासाठी निघायचं, ते नाही.

आता सकाळी सातला वर्कशॉप.
सोळा-सतरा वर्षांची पोरं त्याला प्रोफेसर म्हणतात.
शिकवायला मबरुकाबाई,
मनगटावर भाजल्याचे जुने डाग,
बोलणं मोजकं.
पहिली शिवण त्यांनी हातोडीच्या एका ठोक्यात मोडली.
दुसरीकडे नुसतं पाहिलं.
"हात घाई करतोय. कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

लागलंय ना.
एकोणतिसावं वर्ष लागलंय,
शेजारणी आल्या की आईचं गप्प होणं,
आणि कागदांचा तो गठ्ठा
ज्यावर प्रत्येक कचेरीचा शिक्का आहे,
उत्तर एकाही कचेरीचं नाही.

तो मुखवटा खाली ओढतो.
काळोख.
मग काळ्या काचेत एक हिरवट थेंब,
वितळलेला, थरथरता.
त्याला फक्त पुढे न्यायचं,
मुंगी साखरेचा दाणा नेते तसं,
मध्ये कुणाशी न बोलता.

ठोका.
धरली.
बाई म्हणाल्या, "फाटकाला चालेल.
पाण्याच्या टाकीला नाही."

संध्याकाळी बसमधून
तो रस्त्यातली फाटकं मोजत गेला.
कॅफेपाशी कुणीतरी हात वर केला.
यानंही केला, खिडकीबाहेर,
काळ्या नखांची बोटं
जरा जास्तच पसरून.