नवं कापड

कोरेगावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत
माझ्या मशीनला लागून खिडकी आहे,
खिडकीखाली तेलाच्या डब्यांत तीन जास्वंदी
आणि जास्वंदीपासून गजापर्यंत
त्याचं रोजचं काम.

नखाएवढा कोळी. पोटावर पिवळे पट्टे.
पाय दोन-दोन जोडून बसतो, डोकं खाली.
जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी टीप घालतो.
चाळीस वर्षं पिको करतेय मी,
माझी इतकी एकसारखी येत नाही.

आमच्या आळीत म्हणतात, अंगावर चढला
तर नवं कापड येतं.
शिंपिणीला याहून चांगला शकुन कुठला?
गिऱ्हाइकाच्या पदरावर दिसला की झटकू देत नाही.
"राहू दे गं, दिवाळीच्या आत येशील माप द्यायला."
निम्म्या बायका येतातही.
दिवाळी तर दरसाल येतेच, ते सोडा.

मालन बोंगाळेच्या मनगटावर चढला तो आषाढात.
बांगड्यांवरून, एकेक मोजत.
मी म्हटलं, नशीब काढलंस.
ती हसली. "काठाचं येऊ दे म्हणावं."

बाविसाव्या दिवशी तिचा भाऊ रहिमतपूरहून आला
दुखवट्याचं पातळ घेऊन.
काठ होता. बारीक, करडा.

कोळ्याला काय ठाऊक
कापडात किती जाती असतात.
तो कापड म्हणाला, कापड आलं.
नशीब हा शब्द माझा होता.

त्या आठवड्यात मी केरसुणी घेऊन खिडकीशी गेले.
रात्रीची भुरभुर जाळ्यात ओवलेली.
उचललेला हात तसाच खाली आला.
पण त्यानंतर कुणाच्या पदरावर दिसला
तर मी सुईत दोरा ओवत बसायची.

संक्रांत उलटल्यावर मालन आली.
तेच पातळ पिशवीत, घडी न मोडलेलं.
"धाकटीचे दोन फ्रॉक निघतात का बघ.
काठ गळ्याला लाव."
मी टेप उचलली
तर म्हणाली, "हलू नकोस."

माझ्या खांद्यावरून काहीतरी
तिनं बोटाच्या टोकावर घेतलं.
ते मनगटापर्यंत चालत गेलं, तिथं जरा थांबलं,
मोजायला काही नव्हतं.
तिनं खिडकीतून हात काढून
ते जास्वंदीवर सोडलं.

काय होतं, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

धाकटीची छाती चोवीस. उंची सव्वीस.
घेर थोडा जास्तच धरला मी.