मागून येत नाही

धायरी फाट्यावरच्या मेडिकलमध्ये
नऊ ते नऊ मी उभी असते
आणि मला 'नाही' म्हणायची परवानगी नाही.
बोथराशेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
नाही ऐकलं की गिऱ्हाईक समोर जातं,
शॉर्टेज ऐकलं की थांबतं.

म्हणून मी म्हणते, शॉर्ट आहे काका.
सप्लायचा इश्यू आहे.
स्टॉक ट्रान्झिटमध्ये दाखवतोय.
तीन महिने तीच गोळी
भिवंडी आणि धायरीच्या मध्ये कुठेतरी ट्रान्झिटमध्ये.
एव्हाना चालत आली असती.

'मागूनच येत नाही', एवढं एक 'नाही' दुकानात चालतं.
ते आपलं नसतं, मागचं असतं.
मागून म्हणजे कंपनीकडून.
काउंटरपलीकडे ऐकू जातं,
मागून म्हणजे हात पसरून.

आईकडे याचीच दुसरी तऱ्हा होती.
डब्याचा तळ दिसला तरी
तांदूळ संपले म्हणायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते.
तांदूळ वाढले म्हणायचं.
फुटलेली बांगडी वाढली,
मालवलेला दिवा वाढवला,
बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत एवढी वाढ
मी नंतर कुठे पाहिली नाही.

इंग्रजीचंही तेच असणार.
वास्तुपुरुष 'आउट ऑफ स्टॉक' ऐकतो
आणि विचारात पडतो,
याला तथास्तु म्हणायचं का?

आमच्या लिफ्टमध्ये कागद आहे:
लो प्रेशर, काइंडली को-ऑपरेट.
गेल्या उन्हाळ्यातला. कडा पिवळ्या झाल्यात.
लिफ्ट अंडर मेंटेनन्स असते तेव्हा तो वाचता येत नाही,
तरी आम्ही बादल्या घेऊन टँकरशी को-ऑपरेट करतो.
खडकवासला इथून हाकेवर.
रविवारी लोक तिथे कणसं खातात
आणि पाणी बघतात.

काल पासलकर आले,
वीज मंडळातले रिटायर लाइनमन.
बायकोच्या फिटच्या गोळ्यांची रिकामी पट्टी
पाकिटात नोटांच्या कप्प्यात ठेवतात.
मी सुरू केलं, काका, शॉर्ट...
म्हणाले, पोरी, तीस वर्षं मी लोकांना
'लाइनला फॉल्ट आहे' सांगितलंय.
मला नको सांगू.
नाही म्हणालीस तर आत्ता सदाशिव पेठेत जाईन,
तिथे नसली तर ससूनला.
शॉर्ट म्हणालीस तर उद्या परत इथेच येईन.
तिच्याकडे चार गोळ्या आहेत.

या शहरात एके काळी
दुसरं काही मिळो न मिळो, 'नाही' मुबलक होतं.
रोख, तोंडावर,
दुपारची झोप मोडली तर दुप्पट.

शेठ हिशेबात होते.
मी म्हणाले, नाही.

काकांनी पट्टी परत नोटांमध्ये सरकवली,
बरं झालं म्हणाले,
आणि स्वारगेटच्या बसमागे
त्या गुडघ्यांनी पळाले.

शेठनी वर न बघता विचारलं,
काय मागत होता तो?
'नाही' मागत होते, मी म्हणाले.
शेठना ऐकू गेलं नसावं.

त्याच ओघात माझ्या पगाराचं विचारणार होते.
तो प्रोसेसमध्ये आहे.